राहेलबाईंची निळी फौज

आयुष्यात मी पुष्कळदा हरलो, पण रेवदंड्याच्या दवाखान्याच्या पडवीत हरलो तसा कुठेच हरलो नाही. माझ्या बाजूला सबंध रोमन साम्राज्य होतं. समोर होत्या अंगठ्याएवढ्या बायका. अंगाला नीळ फासलेल्या, केस चुन्यानं ताठ उभे केलेल्या, हातात इंजेक्शनच्या सुईचा भाला घेतलेल्या. आणि त्यांच्यामागे स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, मुठीत कवड्या खुळखुळवत बसलेली त्यांची सेनापती, म्हणजे दवाखान्याच्या नर्स राहेलबाई.

"मास्तर, तुमची उजवी बाजू उघडी हाय," त्या म्हणायच्या. आधी सांगायच्या, मग मारायच्या. सांगितल्यावरही मला काही सुधारता येत नसे, हा भाग वेगळा.

माझे रोमन म्हणजे औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं. निळ्या बायका राहेलबाई स्वतः घडवत, पण रोमन शिपाई त्यांनी कधी घडवलाच नाही. एकदा मी कुरकुरलो, की अहो, जगातली सगळ्यात शिस्तीची फौज, तिला निदान तोंड तरी द्या. तर म्हणाल्या, "त्यांची तोंडं सगळ्या पुस्तकांत हायत. तुम्हीच शाळेत शिकवता. या बायांचं एक तरी चित्र दाखवा मला." इतिहासाचा मास्तर असून मला दाखवता आलं नाही. बुचं घेऊन मी निमूट मांडायला लागलो.

मी मूळचा पालीचा. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, आणि रेवदंड्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवायची नोकरी मिळाली म्हणून इकडे आलो. भाड्यानं जी खोली मिळाली तिची एक भिंत नर्सबाईंच्या घराला लागून होती. अलीकडे मी, पलीकडे राहेलबाई, आणि त्यांच्याही पलीकडे बाळंतिणींची खोली. त्यामुळे ब्रह्मचारी असूनही नवजात अर्भकांच्या रडण्यातले प्रकार मला चांगलेच कळू लागले होते.

राहेलबाई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. हे लोक आमच्या किनाऱ्यावर किती पिढ्यांपासून आहेत ते त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. बोली आपलीच, कालवणात नारळ आपलाच, लुगडंही आपलंच. देव तेवढा निराळा, आणि तो मूर्तीत मावत नाही. त्याची मूर्ती करायची नाही आणि दुसऱ्या कुणाच्या मूर्तीपुढे वाकायचं नाही, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. त्यांचे थोरले भाऊ शमवेलदादा तर गावातल्या सिनेगॉगचे, त्यांच्या प्रार्थनाघराचे मुकादम, म्हणजे जमातीचे पुढारीच. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझा नमस्कारसुद्धा ते तपासून घेत.

राहेलबाई उंच, हाडापेरानं मोठ्या. हात तर गड्यासारखे. पहिल्यांदा त्या हातांत खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. मग त्या ब्रशनं त्यांनी तिळाएवढ्या तोंडावर भुवई ओढली. एका दमात, न थरथरता. मी हसायचं विसरलो आणि श्वासही घ्यायचा विसरलो. पुढे इतकी वर्षं मी चित्रकार पाहिले, मूर्तिकार पाहिले, पेणला गणपतीचे डोळे आखणारे नामांकित हात पाहिले. पण त्या भुवईपाशी जे झालं ते पुन्हा झालं नाही.

या बायका त्यांच्या हाताला लागल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. तेव्हा त्या पुण्याच्या लष्करी इस्पितळात होत्या. तिथे एक गोरा अधिकारी मांडीचं हाड मोडून पडला होता, पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. मुळात तो शाळामास्तर. छातीवर एक फळी घ्यायचा, तिच्यावर शिशाचे इवलेइवले शिपाई मांडायचा आणि जुन्या लढाया स्वतःशीच लढायचा. त्यानं राहेलबाईंना केल्ट लोकांची गोष्ट सांगितली. फार पूर्वी रोमन त्याच्या देशावर चालून आले तेव्हा हे लोक अंगाला निळा रंग फासून, केसांना चुना लावून त्यांच्यावर तुटून पडले, आणि त्यांच्या बायकाही मागे राहिल्या नाहीत. एका राणीनं तर रथात बसून सैन्य चालवलं.

राहेलबाईंनी फळीकडे पाहिलं. सगळे बाप्येच. त्यांनी विचारलं, "मग त्या बाया कुठे हायत?"

पुढे त्या गोऱ्याच्या पायाचं प्लास्टर बदललं तेव्हा वाडग्यात थोडं उरलं होतं. राहेलबाईंनी त्यातून पहिली बाई केली. "बटाट्यासारखी झाली व्हती," त्या सांगायच्या. "पण उभी राहिली."

त्यांचं सगळं सामान दवाखान्यातलंच. हाड मोडलं की बसवतात ते प्लास्टर. अंगावरचं वस्त्र जखमेच्या जाळीचं. ढाल बाटलीच्या टोपणाच्या पत्र्याची. तांबडा रंग म्हणजे खरचटल्यावर लावायचं लाल औषध, तपकिरी म्हणजे टिंक्चर आयोडीन. अंगाला कपड्यांची नीळ, आणि केसांना चक्क पानाच्या डब्यातला चुना. प्लास्टर भिजवलं की बघता बघता घट्ट होतं. तेवढ्या अवधीत खांदा, कंबर, मान सगळं साधायचं. आधी तारेचा सांगाडा करायचा, मग त्यावर प्लास्टर, मग सुईच्या टोकानं कोरणं. "आधी हाड, मग मांस, मग कातडं," त्या पुटपुटत. "देवानं त्याच क्रमानं केलं असणार."

त्यांची एकही बाई ताठ उभी नसे. एकीचा पाय पुढे, एकीची कंबर वळलेली, एक खाली वाकून दगड उचलणारी. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मास्तर, ताठ गुडघ्यानं कुणी लढत नाय आणि ताठ गुडघ्यानं कुणी बाळंतही होत नाय." सुइणीच्या तोंडून युद्धशास्त्राचा असा धडा मिळेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

शनिवारी त्यांचा शब्बाथ, देवानं नेमलेला विसाव्याचा वार. त्या दिवशी ब्रशला हात लावत नसत. पण बाळंतीण आली तर पदर खोचून धावत. "पोराला शनिवार कळत नाय, आणि देवाला कळतं की त्याला कळत नाय." रविवारी दुपारी मात्र पडवीतल्या टेबलावर रणांगण मांडलं जाई. घडी घातलेल्या कांबळ्याचा डोंगर, शाईच्या खुणा केलेली बँडेजची पट्टी ही मोजपट्टी, आणि कवड्या. नियम राहेलबाईंचे. त्यांतला एक फार जाचक. माझं बूच पडलं की मेलं. त्यांची बाई पडली की एकदा कवड्या टाकून तिला उठता येई.

"हा कुठला न्याय?" मी म्हणे.

"बाई एका पडण्यात मरत नाय. माझं सगळं जन्मभराचं काम त्यावरच चाललंय."

शेवटी ती लढाई केल्टांनी गमावली, राणीही गेली, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. वैतागलो होतो. त्यांनी शांतपणे कवड्या गोळा केल्या. "ठाऊक हाय. म्हणून तर दर रविवारी लढायची."

आणि त्या बायकांची तोंडं! एका रविवारी मी एक बाई उचलून बघत होतो. भाला उगारलेला, ओठ एका बाजूला मुडपलेला, नजर अशी की पुढच्याच्या खिशाचा तळ दिसावा. ही कुठेतरी पाहिलीय, असं मला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी दारात चांगुणा कोळीण बोंबील घेऊन आली आणि मी भाव पाडायला गेलो. तिनं ओठ मुडपला. माझ्या हातातून बोंबील खाली पडले.

राहेलबाई ज्यांची बाळंतपणं करत, त्यांचीच तोंडं या बायकांना देत. मुद्दाम करता का, असं विचारलं तर म्हणाल्या, "दुसरी तोंडं मी बघितलीच कुठं? बाई सगळ्यात खरी दिसते ती त्या वेळी. तेव्हा ती कुणाचीच सून नसते."

रंग दिलेल्या बायका त्या बाळंतिणींच्या खोलीतल्या खिडकीत वाळत ठेवत, कारण दुपारचं ऊन तिथेच येई. झालं ते त्यामुळेच. कळा देत पडलेल्या बाईला तासन्‌तास ती खिडकी समोर दिसे, आणि खिडकीत ओळीनं उभ्या असलेल्या निळ्या, शस्त्रं घेतलेल्या, केस पिंजारलेल्या इवल्या बायका.

चांगुणा दुसऱ्या खेपेला तिथेच बाळंत झाली. फार अडली होती, पण सुटली. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून त्या दिवशी तिची पूजा करतात. त्या पूजेला चांगुणा घरच्या पाट्यावरवंट्यापाशी न बसता तान्हं घेऊन थेट दवाखान्यात आली. खिडकीशी हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि त्या बाईपुढे डोकं टेकलं जिचा ओठ मुडपलेला होता.

राहेलबाई आतून आल्या आणि जागीच थिजल्या.

"हे काय करतेस गो?"

"बाय, मी मरत व्हतू तवा ही माज्यासमोर उभी व्हती. माजंच रूप घेऊन. सटवाय हाय ही."

"अगं, खेळणं हाय ते! पोरांच्या भातुकलीसारखं. मी केलंय, या हातांनी."

चांगुणा समजूतदारपणे हसली. "देवी कदी सांगंल का, मी देवी हाय म्हनून?"

या युक्तिवादाला उत्तर नाही, हे मी आजही मान्य करतो.

चांगुणा रोज पाटी घेऊन गावोगाव हिंडणारी. तिच्या पाटीबरोबर बातमीही हिंडली. तोवर वाड्यावस्त्यांवरच्या बायका दवाखान्यात येत नसत. घरीच सुईण, आणि अगदी हाताबाहेर गेलं की बैलगाडी. अशा कितीतरी गाड्या उशिरा आलेल्या राहेलबाईंनी पाहिल्या होत्या. त्याबद्दल त्या बोलत नसत, पण अशा दिवशी भिंतीपलीकडे चूल पेटत नसे. आता मात्र दिवस भरायच्या आधीच गाड्या येऊ लागल्या. चौलकडून, नागावकडून. बायका यायच्या, खिडकीला हात जोडायच्या आणि निर्धास्त खाटेवर पडायच्या. आठवड्यानं येणारे डॉक्टर खूश झाले. राहेलबाईंचा मात्र चेहरा उतरत चालला. कुंकू त्या रोज पुसत आणि ते रोज नव्यानं उमटे.

मी म्हटलं, "कपाटात झाकून ठेवा."

"झाकली की जास्तच देव होते, मास्तर."

मग शमवेलदादा आले. पडवीत उभेच राहिले, बसले नाहीत. "राहेल, तुझ्या खिडकीत नारळ ठेवतात. आपल्या हातून मूर्ती, आणि आपल्या छपराखाली पूजा. बापानं हे शिकवलं व्हतं? फोडून टाक सगळ्या. नायतर सिनेगॉगची पायरी चढू नको."

"फोडल्या तर बाया येणार नायत, दादा. घरात मरतील."

"आणि ठेवल्या तर?"

राहेलबाईंच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, देव आणि बाळंतिणी, आणि त्या दोन्ही एकाच खिडकीत अडकल्या होत्या. शमवेलदादांनाही ते दिसलं असावं. निघता निघता ते जरा हलक्या आवाजात म्हणाले, "जुने लोक म्हणायचे, माणसाची आकृती पुरी घडवू नये. काहीतरी अपुरं ठेवावं. अपुरी असली की ती मूर्ती नव्हे." एवढं बोलून गेले.

त्या वाक्यावर राहेलबाई किती दिवस घोटाळत होत्या ठाऊक नाही. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी बायकांना पडवीत बोलावलं. चांगुणा होती, आणखी बऱ्याच जणी होत्या, शमवेलदादाही कोपऱ्यात येऊन उभे राहिले. टेबलावर सगळी फौज ओळीनं मांडलेली. राहेलबाईंनी हात धुतले, ऑपरेशनची सुरी उकळत्या पाण्यातून काढली आणि चष्मा खाली घेतला.

"खंडित मूर्ती पुजतात का गो तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," बायका म्हणाल्या. "खंडित झाली की इसर्जन."

राहेलबाईंनी पहिली बाई उचलली आणि तिच्या नाकाचा शेंडा उडवला.

कुणीतरी किंचाळलं. त्या थांबल्या नाहीत. दुसरीच्या कानाची पाळी. तिसरीचं बोट. सुरी कुठेही घसरली नाही, एक कण जास्त निघाला नाही. ज्या हातानं भुवई ओढली होती, त्याच हातानं, तितक्याच काळजीनं, त्या आपलं काम बिघडवत होत्या. मला गलबलून आलं आणि मी ते लपवलं नाही. रडायची जागा होती ती. चांगुणाच्या तोंडाची बाई हातात आली तेव्हा शमवेलदादा पुढे झाले. "बस, राहेल. पुरे झालं."

"एक ठेवली तर सगळ्या ठेवल्यासारख्याच," त्या म्हणाल्या आणि त्या मुडपलेल्या ओठाचा कोपरा कापला.

बायका उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीत कुंकू नव्हतं. आणि त्या आठवड्यात गाडीही आली नाही.

त्यानंतरही आली नाही. राहेलबाई दहा वेळा रस्त्यावर जाऊन बघत. चौलच्या बाजूच्या आगरवाडीत पार्वती नावाची एक पहिलटकरीण होती. तिचं मूल पायाकडून येणार, घरी बाळंत होऊ द्यायची नाही, असं त्यांनी तपासून बजावलं होतं. तिच्या सासूचा, हिराबायचा, निरोप आला: देवीच न्हाय तर कशाला येवू? राहेलबाईंनी तो निरोप ऐकला आणि पायरीवर बसल्या. "मास्तर, ती पोर घरीच दगावली तर मी प्लास्टर नाय कापलं. तिला कापलं."

एवढं बोलून उठल्या, पिशवी भरली आणि चालत आगरवाडीला निघाल्या. मी सोबत निघालो. फाटकापाशी पोचतो तोच समोरून बैलगाडी आली, धुरळा उडवत. गाडीत पार्वती, हिराबाय, आणि पुढे गाडीवानाला शिव्या घालत बसलेली चांगुणा.

"आनली!" चांगुणा ओरडली. "सासू आयकत नव्हती. मी बोललू, देवी गेली तर गेली, त्या वक्ताला माजा हात कुनी धरला व्हता? देवीनं? बायनं धरला व्हता!"

पार्वतीला उतरवलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. आत नेताना तिनं खिडकीकडे बघितलं. "देवी कुठं हाय?"

"देवी नाय इथं," राहेलबाई म्हणाल्या. "मीच हाय. चालंल?"

पार्वतीनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं, आणि दार बंद झालं.

आम्ही पडवीत बसलो. हिराबाय, चांगुणा, मी. थोड्या वेळानं शमवेलदादाही आले आणि या वेळी बसले. आतून पार्वतीचं ओरडणं येई आणि त्यावर राहेलबाईंचा आवाज. समुद्रावरून वारा सुटला, उन्हं कलली, तरी दार उघडेना. शमवेलदादांचे ओठ हलत होते. हिराबायचेही हलत होते. दोघं आपापल्या देवाशी बोलत होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती.

मग आत एक चापट वाजली, आणि पोरगं असं भोकाड पसरून रडलं की चांगुणानं मांडीवर थाप मारली.

राहेलबाई बाहेर आल्या. केस सुटलेले, लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं, बाह्या कोपरापर्यंत वर. "मुलगी हाय," त्या म्हणाल्या. "पायाळू. दोघी धड हायत."

हिराबाय उठली. कनवटीची कुंकवाची डबी काढली. आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं राहेलबाईंच्या पावलांवर चिमूटभर कुंकू टाकून खाली डोकं टेकलं.

राहेलबाई चटका बसावा तशा मागे उडाल्या. "ऊठ गो, ऊठ! आता काय माझं पण नाक कापायला लावतेस?"

मग शमवेलदादांच्या पोटातून कसलासा आवाज आला. मला वाटलं, उचकी लागली. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, छाती धरून हसत होते, आणि मग चांगुणा, मग हिराबाय, मग आतून थकलेली पार्वतीसुद्धा.

एकट्या राहेलबाई हसल्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून त्या आपल्या लाल झालेल्या पावलांकडे बघत होत्या, आणि आपलं नाक दोन बोटांत घट्ट धरून होत्या.